शिक्क्यावरून फिरलेली इस्त्री

चुरगळलेली वस्तू दिसली की कडक मावशीचे हात शिवशिवायचे. मोठ्या हॉटेलच्या तळघरात, धुलाईखात्यात, ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी असायची. तिच्या हातची कॉलर संध्याकाळपर्यंत मान टाकत नसे आणि तिच्या बोलण्यात गोडवा औषधालाही नव्हता, म्हणून सोबतच्या बायकांनी हे नाव पाडलेलं. कोणी वर्तमानपत्र चोळामोळा करून टाकलं तरी ती त्यावरून इस्त्री फिरवायची.

"मावशी, उद्या आमच्या कपाळावरच्या आठ्यांवरूनही फिरवशील!" बायका हसायच्या.

"ये पुढे, फिरवते," मावशी म्हणायची, आणि ती खरंच फिरवणार नाही याची कोणालाच खात्री नसायची.

हा देश तिचा नव्हता. नवरा गेल्यावर लहानग्या लेकीला भावाकडे ठेवून ती पोटासाठी बाहेर पडली. आधी एका देशात लोकांची घरं पुसली, मग इथे आली. लेकीचे दुधाचे दात पडले, ती कॉलेजात गेली, हे सगळं मावशीने फोनच्या काचेतून पाहिलं. आता कुठे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येत होता. त्यात लेकीचं नाव घालता येत होतं, पण पोरगी एकवीस वर्षांची व्हायच्या आत अर्ज पुरा व्हायला हवा होता. वाढदिवस उलटला की सरकारच्या लेखी ती मावशीचं मूल राहत नव्हती, आणि मग तिला इथे आणायची दुसरी वाटही नव्हती. पोटच्या पोरीला मुदत घालणारा नियम ज्याने केला त्याला स्वतःची मुलंबाळं होती की नाही, देव जाणे.

बाकी सगळं जमलं, अडलं ते पोलिसांच्या दाखल्यावर. जिथे जिथे सहा महिन्यांहून जास्त राहिलात तिथल्या पोलिसांनी लिहून द्यायचं, की या बाईच्या नावावर गुन्हा नाही. मायदेशातला दाखला भावाने मिळवून पाठवला. पण घरं पुसली त्या देशात मावशीचा पत्ताच कोणाच्या दप्तरी सापडेना. वर्षानुवर्षं त्यांच्या फरश्या चकचकीत ठेवल्या, तर म्हणे ही बाई इथे होती कशावरून! तिथे तिची जुनी मैत्रीण होती, एका घरात स्वयंपाक करणारी. दोघी एकाच खोलीत राहिलेल्या. ती बिचारी सुट्टीच्या दिवशी पोलिसांकडे खेटे घालायची. कधी नाव जुळत नव्हतं, कधी साहेब रजेवर. इकडे मावशीच्या तोंडचं पाणी पळालेलं. फोन वाजला की ती हातातली इस्त्री उभी करून धावायची.

वाढदिवस अगदी तोंडावर आला तेव्हा दाखला आला. टपालाचा भरवसा नको म्हणून मैत्रिणीने तो इकडे येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर धाडला होता. त्या भल्या माणसाने त्याच्या चार घड्या घातल्या, पँटच्या मागच्या खिशात कोंबला आणि सगळा प्रवास त्यावर बसून केला.

कागद उलगडला आणि मावशीच्या जिवात जीव आला. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, खाली चिकटवलेला गोल चंदेरी शिक्का. पण कागदाची काय ती दशा! असा बोळा झालेला दाखला घेऊन उभं राहिलं तर समोरचा आपल्यालाही तसलंच समजेल, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी अर्जाच्या कचेरीत जायचं होतं. त्याआधी ती तळघरात गेली, कागद टेबलावर पसरला, वर ओलसर सुती फडकं घातलं, इस्त्री रेशमाच्या आचेवर आणली. आधी कडा, मग मधला भाग. एकेक चुणी जाताना तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

फडकं उचललं, तर शिक्का त्यालाच चिकटून वर आला. कागदावर तपकिरी डाग तेवढा राहिला.

तसाच कागद घेऊन ती कचेरीत गेली. खिडकीतल्या मुलीने तो उलटसुलट पाहिला.

"बाई, याच्यावरचा शिक्का कुठंय?"

मावशीने पिशवीतून फडकं काढून पुढे केलं. "हा काय. इथे आहे. माझ्याच हातून झालं. अक्षरं बघा ना, सगळी शाबूत आहेत."

मुलगी उठून आतल्या साहेबांना घेऊन आली. साहेब भला होता, हेच वाईट. वसकन अंगावर येणारा असता तर मावशीला भांडता तरी आलं असतं.

"बाई, तुमच्या नावावर काही नाही हे दिसतंय मला," तो म्हणाला. "पण शिक्क्याशिवाय दाखला ग्राह्य धरता येत नाही. नवा मागवा."

"नवा यायला महिने लागतात हो! पोरगी परवा एकवीसची होतेय!"

त्याने दाखला तिच्याकडे परत सरकवला.

"मग माझ्या नावावर गुन्हा मांडा," मावशी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "सरकारी कागद जाळला म्हणून मांडा. शिक्षा द्याल ती भोगते. पण पोरीला येऊ द्या हो."

रांगेतली माणसं खाली बघू लागली. साहेबाने फडकं नीट घडी करून परत दिलं.

कचेरीच्या पायऱ्यांवर ती बसली. काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती, तोच लेकीचाच फोन आला.

"आई, दिलास का अर्ज? मी बॅग भरायला पण घेतली. मामा म्हणतोय, एवढ्यात कशाला. कपडे तसेच कोंबलेत बरं का, तिकडे तू आहेसच इस्त्रीला!"

"बाळा, कपडे काढून ठेव."

"का गं?"

"दाखला फार चुरगळला होता," मावशी म्हणाली. "मी इस्त्री केली."

आईने बालवाडीतल्या प्रगतिपुस्तकालाही इस्त्री केली होती, ते लेकीला आठवत होतं. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती ओरडली नाही, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नाक ओढलं.

"चुण्या गेल्या का गं, आई?"

"गेल्या," मावशी म्हणाली. "एक राहिली नाही."