मंगळवारचे लाडू

जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी एक मुलगी अगदी समोरच्या खोलीत राहायची. तिला मी मनातल्या मनात 'समोरची' म्हणायचे. नाव घेण्याइतकीही माझी इच्छा नसायची. ती माझ्याच शाळेत होती आणि कबड्डीच्या संघात चढाईला पहिली जायची. मीही त्याच संघात होते, पण राखीव. म्हणजे मैदानाबाहेर बसून पाण्याची बाटली धरणारी.

तिची आई आदल्या वर्षी वारली होती. वडील कारखान्यात दुसऱ्या पाळीला, त्यामुळे घरी संध्याकाळचा भात कधी व्हायचा, कधी नाही. एकदा खेळाच्या बाई चाळीत आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या, "मुलगी वाऱ्यासारखी आहे हो, पण दुसऱ्या डावात गळून जाते. अंगात प्रोटीन नाही. डाळी, दाणे, दूध, असं काहीतरी रोज पोटात जायला हवं." मी तिथेच बसून गणितं करत होते. माझ्या प्रोटीनबद्दल बाईंनी अवाक्षर काढलं नाही.

आईने ते मनावर घेतलं, आणि माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

आई मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. सकाळी सातला बाहेर पडायची. स्टोव्ह एकच. त्यावर चहा, बाबांच्या डब्याची भाजी आणि पोळ्या एवढंच कसंबसं उरकायचं. वर रॉकेलची रड होतीच. त्यामुळे समोरचीसाठी काही करायचं तर स्टोव्ह न पेटवता, हे आईने आधीच ठरवून टाकलं. मग तिने तिला विचारलं, "तुका गोड काय आवडता?" समोरची म्हणाली, "पुरणपोळी. आई करायची."

झालं. आई पुरणाच्या मागे लागली. हरभऱ्याची डाळ शिजवायची नाही, वाटायची नाही, तरी पुरणाची चव आली पाहिजे. तिने वाण्याकडून फुटाण्याचं डाळं आणलं आणि लोखंडी खलबत्त्यात कुटलं. भाजके दाणे आयतेच मिळायचे, त्यांचं कूट केलं. त्यात किसलेला गूळ, दुधाची पावडर, वेलची, जायफळ आणि मुठीत धरण्यापुरतं पातळ तूप घातलं. बाबा पेपरमागून म्हणाले, "पुरण कधी स्टोव्हवर न चढता झाला हा काय? आणि ह्यो लष्कराच्यो भाकऱ्यो भाजूक तुका वेळ बरो मिळता." आई म्हणाली, "भाकऱ्यो नाय, लाडू."

पहिले लाडू दगड झाले, दुसरे भुगा. ते सगळे मी खाल्ले. चव बघायला मी, आणि जमलेला घाणा समोरच्या दारात. तिसऱ्या खेपेला आईने चहासाठी तापवलेलं थोडं कोमट दूध शिंपडलं, जायफळ वाढवलं आणि लाडू हातात गोल बसला. चिकटू नये म्हणून वरून दुधाच्या पावडरीत घोळवला. खरं सांगते, तो लाडू झकास झाला होता. डोळे मिटून खाल्ला तर होळीच्या ताटावर बसल्यासारखं वाटायचं. मला मात्र तो गोड लागला नाही. माझी आवड खापरोळी, नारळाच्या गोड रसात बुडवून खायची. गावाहून आल्यापासून आईने ती एकदाही केली नव्हती. वेळ नाही म्हणायची.

लाडवाचं एक वेळ सोडा. आई तिला लाडाने 'बाय' म्हणायला लागली होती. "बाय, चार दिस खा, मगे बघ कशी धावतंस." बाय मी होते. आमच्या घरात दुसरी बाय नव्हती. एकदा मी आईला म्हटलं, "मलाही अशक्तपणा आलाय." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसली. "तुका काय धाड भरली हा? गाल बघ तुझे."

दीड महिन्यात समोरचीच्या पिंढऱ्या भरल्या. चढाईला गेली की दोघींना शिवून परत यायची. बाईंनी सगळ्या संघासमोर माझ्या आईचं कौतुक केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मरोळला आंतरशालेय सामने लागले ते नेमके मंगळवारी. समोरची मंगळवारचा उपास करायची. तिची आई करायची म्हणून तीही करत होती, आणि त्या दिवशी डाळं चालत नाही. आईच्या ते लक्षात होतं. तिने आदल्या दिवशी तिच्यासाठी वेगळे लाडू वळले. डाळ्याऐवजी राजगिऱ्याच्या लाह्या, बाकी दाण्याचं कूट, गूळ, दुधाची पावडर तेच. माझ्यासाठी नेहमीचे डाळ्याचे. दोन्ही पावडरीत घोळवलेले, बाहेरून अगदी सारखे. दोन स्टीलचे डबे भरले. एकावर माझं नाव कोरलेलं होतं, भांड्यांवर कोरतात तसं. दुसरा कोरा. आईने दोन्ही माझ्या हातात दिले. "नावाचो तुझो, कोरो तिचो. गल्लत करू नको हां. तिचो उपास आसा."

गल्लत झाली नाही. मी ती केली. मरोळच्या त्या शाळेत पोचल्यावर नळापाशी कोणी नव्हतं, तिथे मी दोन्ही डबे उघडले आणि लाडवांची अदलाबदल केली. थांबावंसं वाटलं नाही. ती खाणार नाही, खेळताना गळेल, मग बाई मला आत घेतील. तेवढाच विचार होता. आईने वळलेले ते खास लाडू मला खायचे होते हेही होतंच.

सकाळचा सामना आम्ही जिंकलो. दुपारी अंतिम सामन्याआधी सगळ्या डबे घेऊन व्हरांड्यात बसलो. तिने लाडू उचलला आणि तोंडाकडे नेता नेता थांबली. वास आला असणार. तिने तो मोडला. आत पिवळं डाळं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अर्धा खाल्लेला लाडू होता आणि त्यातून राजगिऱ्याच्या पांढऱ्या लाह्या दिसत होत्या. लपवायला वेळच मिळाला नाही. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी लाज काढणार.

तिने "घ्या गं, मला भूक नाहीये," म्हणून डबा बाकीच्या मुलींकडे सरकवला, उठून नळावर गेली आणि ओंजळीने पोटभर पाणी प्यायली.

पहिल्या डावात तिने तीन गुण आणले. चौथ्या चढाईला मध्यरेषेपर्यंत परत येताना तिचे पाय जड झालेले मला बाहेरून दिसत होते. मध्यंतराला ती खाली बसली ती उठेना. बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जा."

मला हवं होतं ते सगळं मिळालं. मी आत गेले आणि पहिल्याच पकडीला प्रतिस्पर्धी संघातल्या मुलीचा घोटा माझ्या हातून सुटला. दुसऱ्या वेळी तिने मला फरफटत रेषेपार नेलं. दोन गुणांनी आम्ही हरलो. बसमध्ये समोरची खिडकीला डोकं टेकून बसली होती.

संध्याकाळी आई जिन्यात वाटच बघत होती. "बाय, लाडू कसे झाले?"

"मस्त झाले काकी," समोरची म्हणाली. "एकपण उरला नाही."

आई आत गेल्यावर मी तिला गॅलरीत गाठलं. "सांगितलं का नाहीस?"

"वेडी आहेस काय तू? सांगितलं असतं तर काकींनी तुला बडवलं असतं."

"मग? तुला काय त्याचं?"

"मग दोन दिवसांनी तुझं-त्यांचं गोड झालं असतं. तुझी आई आहे ती. आणि माझ्यामुळे तुमच्या घरात भांडणं नकोत म्हणून माझे लाडू बंद झाले असते." ती हे अगदी सरळ बोलली, रागाने नाही. "रोज सकाळी मला वाटतं, आज दार वाजणार नाही. तुला काय कळणार ते."

मला खरंच कळलं नव्हतं. मी तिच्यावर जळत होते, आणि ती रोज सकाळी दाराकडे कान लावून बसत होती. त्या रात्री मी जेवले नाही, आणि आईने कारणही विचारलं नाही. लगेच माझा जळफळाट संपला असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी आई तिला पुन्हा 'बाय' म्हणाली तेव्हा पुन्हा काहीतरी टोचलंच. फक्त आता त्याची लाज वाटायची.

पुढच्या मंगळवारी सकाळी आईने परत राजगिऱ्याचे लाडू वळले. मी न सांगता खलबत्ता ओढून दाणे कुटत बसले. आईने दोन डबे भरले, एक नावाचा, एक कोरा, आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवले. मला वाटलं, गल्लत करू नको असं पुन्हा बजावेल. तिने पदराला हात पुसले.

"ह्यो तिचो, ह्यो तुझो," ती म्हणाली. "राजगिरो डब्याक चिकटता, घासल्याशिवाय सुटत नाय. गेल्या मंगळवारी तुझ्या नावाचो डबो मीच घासलंय, बाय."

मी कोरा डबा घेऊन समोरचं दार वाजवलं. तो तिच्या हातात दिला आणि ती उघडून, लाडू मोडून बघेपर्यंत तिथेच उभी राहिले.