चांदोबाच्या चंद्राला मत द्या

त्याला सगळे चांदोबा म्हणायचे, ते काही त्याला आभाळाचं वेड होतं म्हणून नाही हां. डोक्यावर औषधाला केस नव्हता म्हणून! आणि धंदा कसला, तर केस कापायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आरशातून आधी त्याचं टक्कल बघायचं आणि म्हणायचं, "बाबा रे, माझं तेवढं असं करू नकोस." तोही खो खो हसायचा.

खाली त्याचं सलून, वर सासूबाईंचं बिऱ्हाड आणि त्याच्यावर गच्ची. घर सासूबाईंचं, त्यामुळे गच्चीही त्यांचीच. त्या गच्चीवर चांदोबानं आपल्या हातानं जोडलेली दुर्बीण ठेवली होती, चांगली पाणी तापवायच्या बंबाएवढी. सासूबाई तिला तोफ म्हणायच्या. दुकान बंद झालं की हा वर जाऊन त्या तोफेला डोळा लावून बसायचा. सोबतीला एक कंडक्टरबाई आणि एक दातांचे डॉक्टर. तिघंही सारखेच खुळे. हे यांचं आकाशमंडळ का काय ते.

आता झालं काय, गच्ची गळायला लागली. सासूबाईंच्या पलंगावरच टपटप. त्यांनी सांगून टाकलं, वर पत्रा घालायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पत्रा घातल्यावर आभाळ दिसणार कुठून? खाली रस्त्यावर तर दिव्यांचा नुसता लखलखाट.

"आई, थोडं थांबा ना."

"थांबते की. पलंगावर छत्री धरून थांबते."

त्याच आठवड्यात मोबाईलवर निघणाऱ्या एका आभाळाच्या मासिकानं वाचकांकडून चंद्राचे फोटो मागवलेले, त्यात चांदोबाचा पौर्णिमेचा चंद्र निवडला गेला. निवडलेल्या फोटोंतून लोकांनी मतं द्यायची, आणि जिंकेल तो चंद्र कव्हरवर. चांदोबा दोन-दोन पायऱ्या उड्या मारत सासूबाईंकडे गेला. हातात कंगवा तसाच.

सासूबाईंनी चष्मा पुसून फोटो बघितला. "हा तुम्ही काढलात? बरं मग जावईबापू, आपलं ठरलं. कव्हरवर आलात तर पत्रा नाही, मी पलंग सरकवीन. नाही आलात तर सोमवारी पत्रेवाला येणार, आणि तोफ खाली."

झालं! मंडळाच्या अंगात वारंच शिरलं. पण एक पंचाईत होती. पक्षपात नको म्हणून मासिकानं फोटोखाली कुणाचंच नाव दिलं नव्हतं. नुसते चंद्र, एकाखाली एक. लोकांनी ओळखायचा कसा? चांदोबा म्हणाला, "सोपं आहे. आपल्या चंद्रावर तो किरणं फुटलेला पांढरा ठिपका आहे ना, तो वरच्या अंगाला. सांगायचं, ठिपका वर असलेला चंद्र!"

मग काय विचारता. खुर्चीत माणूस बसला, गळ्याभोवती कापड बांधलं, गालाला फेस लावला, की चांदोबा वस्तरा उघडून गोड आवाजात विचारायचा, "मत दिलंत का?" वस्तरा गळ्याशी असताना नाही कोण म्हणेल? कंडक्टरबाई तिकीट हातात देताना म्हणायच्या, "सुट्टे नसले तरी चालतील, मत पाहिजे. ठिपका वर!" डॉक्टरांची तर कमालच. ते पेशंटच्या तोंडात आरसा घालून विचारायचे, "देणार ना मत?" तो बिचारा "आं आं" करायचा, डॉक्टर म्हणायचे, "शाबास!"

चांदोबाची बायकोसुद्धा सामील. आधी म्हणाली, "अहो, लोक हसतील आपल्याला." आणि दुसऱ्या दिवशी आख्ख्या गल्लीतल्या बायकांना फोन लावून बसली. सगळीकडून एकच, ठिपका वर, ठिपका वर.

मतदानाच्या शेवटच्या दुपारी एक शिंपी दाढी करायला आला. तोंडाला फेस, आणि लागला मोबाईल नाचवायला. "चांदोबा, पेढे कधी? आपला चंद्र पयला नंबर! मी, माझा भाऊ, भावाची सासुरवाडी, सगळ्यांनी यालाच दिलं."

चांदोबानं वाकून बघितलं. मग मोबाईल हातात घेऊन बघितलं. आणि त्याचा चेहराच पडला.

"हा कुणाचा चंद्र?"

"कुणाचा म्हणजे? तुमचाच की. ठिपका वर."

"अरे, माझा हा नाही! माझा तो खालचा!"

अहो, त्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं. वरचं खाली, खालचं वर. वर्षानुवर्षं तिला डोळा लावून या तिघांना उलटाच चंद्र सवयीचा झालेला. मासिकानं मात्र प्रत्येक फोटो, जिथून काढला तिथल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तसा सुलटा करून लावला होता. तिघांनी स्वतःची मतं पहिल्याच दिवशी दिली, पण ठिपका कुठं आहे ते कोण बघतंय? लेकरू उताणं झोपलं काय नि पालथं झोपलं काय, आईला ओळखू येतंच ना! आणि ठिपका वर असलेला चंद्र होता पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला राहणाऱ्या कुणा बाईचा. तिकडं म्हणे चंद्र असाच दिसतो.

दिलेलं मत बदलता येत नव्हतं. चांदोबा शिंप्याला अर्ध्या दाढीवर सोडून रस्त्यावर धावला, "ठिपका खाली! ठिपका खाली!" लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. कंडक्टरबाईंनी बसमध्ये जाहीर केलं, तर एक म्हातारा म्हणाला, "बाई, सकाळी वर, आता खाली. तुमचं एक काय ते ठरवा." मत न दिलेला माणूस शोधून सापडेना, इतकं चोख काम केलेलं!

हरले. नुसते हरले नाहीत, दणकून हरले. वर त्या बाईचा निरोप आला, तुमच्या गावच्या लोकांचं माझ्या चंद्रावर एवढं प्रेम बघून मला रडूच आलं. डॉक्टर म्हणाले, "आम्हालाही." आणि तिघं एकमेकांकडे बघून जे हसत सुटले, ते पोट धरून खालीच बसले.

पण सोमवार काय हसण्यावारी जाणार होता? पत्रेवाला टेप घेऊन दारात हजर. चांदोबा सासूबाईंपुढे उभा राहिला आणि सगळं खरं खरं सांगून टाकलं. म्हणाला, "हरलो आई. घाला पत्रा."

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या, अशा हसल्या, की पत्रेवाल्यानं पाणी आणून दिलं. "म्हणजे तुम्हीच गाव गोळा करून दुसरीला निवडून दिलंत? दाखवा बघू, काय उलटं दिसतं त्या तोफेत."

दिवसाढवळ्या दाखवणार काय? चांदोबानं दुर्बीण मैदानापलीकडच्या इमारतीकडे वळवली. सासूबाईंनी डोळा लावला. मग तोफेचं तोंड हातानं जरासं डावीकडे सरकवलं.

"आई, दिसतंय का?"

"गप्प बसा. ही आमच्या धाकटीची गॅलरी." धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण. "माझी वेताची खुर्ची कोण पाहुणे आले म्हणून नेली होती. मागितली तर म्हणे, ताई, ती केव्हाच मोडली, टाकून दिली. आणि आता त्यात बसून केस वाळवतेय बया!"

"आई, उलटं दिसतंय, नीट ओळखू..."

"उलटी असली म्हणून काय झालं? माझी खुर्ची मी ओळखत नाही होय?"

मग पत्रेवाल्याकडे वळल्या. "हे बघ, पत्रा हवाच, गळतं मला. पण चाकं लावून सरकता कर. ढकलला की गच्ची उघडी झाली पाहिजे."

चांदोबाला हसावं की रडावं कळेना. तो वाकून नमस्कारच करायला गेला. सासूबाई म्हणाल्या, "नमस्कार राहू दे. रात्री चंद्र तुमचा. दुपारची तोफ माझी."