आईसाठी पाठवलेले जिवाणू

मी फिनलंडला निघाले त्या सकाळी माझे वडील, नाना, अंगणात वाटाण्याच्या बियाण्याला जिवाणू लावत बसले होते. मखमलाबादला आमचा भाजीचा मळा. कृषी खात्याकडून आणलेली जिवाणूंची काळी पावडर ते गुळाच्या पाण्यात कालवायचे आणि बियाण्याला चोळायचे. बियाणं सावलीत सुकलं की लगेच पेरावं लागतं, म्हणून ते मला सोडायला स्टँडवर आले नाहीत. काळे हात तसेच पुढे धरून म्हणाले, "गूळ लय पातळ झाला तर चिकटत नाय बघ." निरोप एवढाच. आई मात्र बस सुटेपर्यंत खिडकीशी उभी होती आणि "पोट सांभाळ" हे चार वेळा म्हणाली. शेजारच्या सीटवरची बाई हसत होती. मला आईची लाज वाटली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिकडच्या प्रयोगशाळेत मी नेमकं हेच बघणार होते, की पोटाला उपकारक जिवाणू माणसाच्या आतड्याला धरतात कसे. आतड्याच्या अस्तरावर शेंबडासारखा बुळबुळीत थर असतो. काही जिवाणूंच्या अंगावर केसाहून बारीक धागे असतात, त्यांनी ते हा थर पकडतात. आम्ही बशीत आतड्याच्या पेशी वाढवायचो, वर जिवाणू ओतायचो, तासाभराने बशी पुन्हा पुन्हा धुवायचो आणि उरले तेवढेच मोजायचो. वाहून गेलेल्यांचं कोणी नावही काढत नसे. मला हे काम फार आवडलं.

जे धरतात तेही टिकत नाहीत, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणापासून आतड्यात वस्ती करून असलेले जिवाणू नव्यांना सहसा जागा देत नाहीत. रोज खात राहिलं तर नवे राहतात, खाणं थांबलं की थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. माझ्यासारख्या परदेशी गेलेल्यांना यात स्वतःबद्दल काहीतरी गोड सापडेल. सापडू द्या. मी त्या भानगडीत पडत नाही.

चार वर्षांनी आईचं ऑपरेशन झालं. नंतरच्या जड अँटिबायोटिक्सनी तिला जुलाब सुरू झाले ते थांबेनात. नानांनी एसटीडी बूथवरून फोन केला. "डॉक्टर करताय त्यांचं. पण तू तर यातलीच हाय. आई विचारते, कवा येते?"

तीन आठवड्यांवर माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. ती पुढे ढकलता आली असती, मी विचारलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "कॅप्सूल पाठवते नाना, आमच्याच लॅबमधले जिवाणू आहेत." कुरियरने डबी गेली. आईच्या सोलवटलेल्या आतड्याला ते धरतील अशी मला आशा नव्हती. मी फक्त जायचं टाळलं.

नाना दोन दिवसांआड फोन करायचे. प्रश्न एकच. "धरले का गं ते?"

"धरतील," मी म्हणायचे. "वेळ लागतो."

परीक्षा उत्तम झाली. परीक्षकांनी हात मिळवले, केक कापला. आई आदल्या दिवशी गेली होती. नानांनी मला परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कळवलं. "तुझी परीक्षा होती ना," एवढंच म्हणाले.

दहाव्याला पोचले. नानांनी फडताळातून रिकामी डबी काढून माझ्या हातात दिली. "रोज घेतली तिनं, न चुकता. पण डबी आली त्याच दिशी म्हनली, आता काय ती येत नाय." मी रडले. त्यांनी रडू दिलं आणि मळ्याला पाणी द्यायला निघून गेले.

आता माझं घर म्हणजे नाना. दरवर्षी महिनाभर जाते. ते माझ्यासोबत जेवतात, तिकडच्या थंडीची चौकशी करतात, कधी रागावत नाहीत. मागच्या हिवाळ्यात ते आठ दिवस दवाखान्यात होते, हे मला शेजारच्या काकूंकडून नंतर कळलं. काकू फोन करायला निघाल्या होत्या, तर नानांनी त्यांना अडवलं होतं. म्हणाले, "तिला नका कळवू. डबी पाठवील."