गीताबाई कपडेपटवाली आणि बेटावरचं भाषण

पडदा वर जातो, आणि रंगमंचाच्या मधोमध दिसतो एक भलामोठा टीव्ही. गेल्या दिवाळीत घेतलेला, कडांचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. एका बाजूला दिवाण, त्यावर दाटीवाटीने बसलेल्या बायका. दुसऱ्या बाजूला खुर्च्या, त्यांत आयुध कारखान्यातून निवृत्त झालेले, हाताची घडी घातलेले पुरुष. दारात चपलांचा ढीग. वेळ संध्याकाळची. स्थळ जबलपूर, खमरिया इस्टेटबाहेरची आमची गल्ली, बेबीताईंचं घर. आणि टीव्हीच्या थेट समोर, जमिनीवर, एक बारकी, ताठ पाठीची बाई. खुर्ची पुढे केली तर म्हणाली, "राहू द्या. खाली बसलं म्हणजे पडायची भीती नाही."

या गीताबाई. आजचा प्रवेश त्यांचा.

समुद्रापलीकडे, अमेरिकेच्या खालच्या अंगाला, एका छोट्याशा बेटावर भयंकर वादळ आलं होतं. तिकडे त्याला हरिकेन म्हणतात. घरांची छपरं उडाली, विजेचे खांब काड्यांसारखे मोडले. त्याच बेटावर गीताबाईंचा मुलगा अश्वजीत एका कंपनीच्या ठेक्यावर लाइनमन म्हणून गेलेला. वादळाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "मम्मी, खिडक्यांना फळ्या ठोकून राहिलो," आणि त्यानंतर फोन मुका झाला. कंपनीच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर यायचं, "आमची माणसं सुखरूप असावीत. नावांची खात्री करणं चालू आहे." त्या 'असावीत'मुळे गीताबाईंचं जेवण सुटलं होतं.

"दिवाळीत येतो म्हणाला होता, ताई," त्या मला रोज सांगायच्या. "एकदा आवाज येऊ द्या त्याचा. पहिल्या विमानात बसवते का नाही पाहा. बस झालं बेट-फेट."

आज त्या देशाचे पंतप्रधान आपल्या लोकांशी थेट बोलणार होते. अश्वजीतच्या धाकट्या बहिणीनं, प्रियंकानं, हे दुपारी नेटवर शोधून काढलं. मोबाइलवर पाहू म्हणाली. बेबीताईंनी कपाळाला हात लावला. "एवढ्याशा मोबाइलवर? काहून? आमचा टीव्ही हाय नं! देशाचा पंतप्रधान पूर्ण मावते त्यात."

भाषण सुरू व्हायला अवकाश आहे, तोवर नायिकेची ओळख करून देते.

गीताबाई लग्न होऊन भंडाऱ्याकडून जबलपूरला आल्या. नवरा देवीदास वीज मंडळात लाइनमन. आमच्या मराठी नाट्यमंडळात तो संध्याकाळी दिव्यांचं काम बघायचा, पैसे न घेता, हौसेनं. एकदा त्याचा डबा घेऊन गीताबाई आल्या, आणि विंगेत पाहतात तर महाराणीचा शालू कमरेपाशी फाटलेला, घंटा झालेली, आणि महाराणी रडकुंडीला आलेली. महाराणी मीच. या बाईनं काही न विचारता ब्लाउजला टोचलेली सुई काढली आणि मी उभी असतानाच शालू शिवला. "हलू नका, नाहीतर तुम्ही अन् शालू एकच होऊन जाल," म्हणाल्या. त्या दिवसापासून आमचा कपडेपट त्यांचा झाला. कोण पोट सोडतो, कोणाचा खांदा उतरता आहे, सगळं त्यांना पाठ. आमच्या मंडळातले श्रीकांत राजाची भूमिका करायचे. त्यांचा अंगरखा मागून आवळताना गीताबाई कानात सांगायच्या, "महाराज, दुसऱ्या अंकापर्यंत श्वास सोडू नका."

देवीदासची एक सवय सांगितली पाहिजे. खांबावर चढायच्या आधी तो हातमोजा काढायचा आणि उलट्या हातानं, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूनं, खांबाला हळूच स्पर्श करायचा. मग तोच हात कपाळाला. मी एकदा म्हटलं, "देवीदास, तुम्ही तर देव मानत नाही, मग खांबाला नमस्कार कसा?" तो हसला. "नमस्कार नंतरचा, ताई. पहिले परीक्षा. सरळ हातानं धरलं अन् करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात झटक्यानं मागं येते. खांबानं सोडलं म्हणून मग नमस्कार." लहानपणी अश्वजीत अंगणातल्या पेरूच्या झाडावर चढायचा, तेव्हाही आधी उलटा हात, मग कपाळ.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात इथे भूकंप झाला, तेव्हाचे देवीदास-गीताबाई मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. भिंतींना तडे गेलेले, लोक मैदानात, वरून जबलपूरचं ऊन. देवीदास खांबांवर, घरी यायचा तो जेवण्यापुरता. गीताबाई तान्ह्या प्रियंकाला काखेत आणि अश्वजीतला बोटाशी घेऊन मंडळाच्या खोलीवर गेल्या, कुलूप उघडलं आणि आमचा मखमली पडदा, तो लाल, सोनेरी झालरीचा, हातगाडीवर घालून मैदानात आणला. चार बांबूंवर ताणला. त्याच्या सावलीत पोरं, म्हाताऱ्या, एक बाळंतीण. सेक्रेटरी धावत आले. "गीताबाई, पडदा खराब होईल!" त्या बांबूची दोरी आवळत म्हणाल्या, "नाटक बंद हाय नं? मग पडद्यानं काय नुसतं बसून राहावं?"

आता देवीदास नाही. हृदयाच्या दुखण्यानं गेला, काही वर्षं झाली. पोरगा त्याच कामात गेला, आणि इतक्या लांब गेला.

तर, टीव्ही. चित्र आलं!

"चूप बसा, चूप बसा!" बेबीताई स्वतःच सगळ्यात मोठ्यानं ओरडल्या.

पडद्यावर एक उंच, सडसडीत म्हातारा माणूस. चिखलाचे बूट, बाह्या दुमडलेला शर्ट. ना मंच, ना हार. मागे मोडका रस्ता, एक बिनछपराची शाळा, आणि नवा उभा केलेला विजेचा खांब. त्याच्याभोवती शिडी-दोर घेऊन हेल्मेटवाली माणसं. म्हातारा बोलायला लागला. आवाज चढवला नाही, कागद काढला नाही. आयुष्यभर रंगभूमीवर वावरल्यामुळे मला कळतं, बोलणाऱ्याचा दम कुठे आहे. या माणसाचा दम थांबण्यात होता. एक वाक्य बोलायचा आणि ते लोकांपर्यंत पोचेस्तोवर थांबायचा.

इंग्रजी पण वेगळ्याच चालीचं. प्रियंका टीव्हीजवळ उभी राहून सांगत होती. तिचं मराठी उत्साहात आलं की हिंदीत घसरतं.

"ते म्हणून राहिले… रडायचं असेल तर रडा. आज रडून घ्या. और कल सुबह हथौड़ा लेके निकलना है."

"रडू नका असं नाही म्हणत?" बेबीताईंनी विचारलं.

"नाही काकू, रडा म्हणतात."

"मग खरा माणूस दिसते."

"पहिले दवाखाना, मग पाणी, मग शाळा. आणि लाइट… लाइट पहाड़ के आख़िरी घर तक जाएगी. शेवटच्या घरापर्यंत. ते म्हणतात, मोठ्या घराला पहिले आणि छोट्या घराला नंतर, असं मी होऊ देणार नाही."

"अगं, तो एवढा वेळ बोलला अन् तू एवढंच सांगितलं! मधलं खाऊन राहिली का?"

"काकू, आप बोलने दोगे तब ना!"

मंडळी हसली. गीताबाई हसल्या नाहीत. त्यांचं भाषणाकडे लक्षच नव्हतं. त्या पंतप्रधानांच्या डाव्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

मागे, खांबाजवळ, नारिंगी जाकिटातला एक माणूस पुढे आला. पाठ आमच्याकडे. त्यानं हातमोजा काढला. हात उलटा केला. खांबाला हळूच लावला. आणि हेल्मेटच्या कडेखाली, कपाळाला.

"थांबवा!" गीताबाई ताडकन उभ्या राहिल्या. "थांबवा त्याले! माझा अश्वजीत हाय तो!"

काय सांगू त्या क्षणाची गंमत! दिवाण करकरला, खुर्च्या पालथ्या झाल्या, सगळी खोली टीव्हीच्या काचेला चिकटली. तिकडे एका देशाचा पंतप्रधान जीव ओतून बोलतोय आणि इथे जबलपुरात त्याच्याकडे कोणी बघेना!

"मम्मी, लाइव्ह आहे, थांबत नाही!"

"अहो साहेब," बेबीताई थेट पंतप्रधानांनाच हात करून म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा नं!"

श्रीकांतांनी चष्मा पुसला. "गीताबाई, उगाच आशा नका लावून घेऊ. हेल्मेटमध्ये सगळे सारखेच दिसतात. चेहरा कुठे दिसतो?"

"महाराज," गीताबाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांच्या पाठीवर गुंड्या लावल्या. मले चेहरा नाही लागत. ही पाठ तर माझ्याच घरची हाय."

तो चढत होता. भराभर नाही, एकेक पाय तोलून. वर पोचून त्यानं मान वळवली, घाम पुसायला हेल्मेट मागे सारलं, आणि क्षणभर अर्धा चेहरा दिसला. प्रियंका किंचाळली. मग काय, टाळ्या, शिट्ट्या, कोणी कोणाला मिठी मारतंय कळेना. श्रीकांत म्हातारपण विसरून आरोळी देऊन बसले, तीच, दरबारात शिरतानाची. मी तर गीताबाईंच्या गळ्यातच पडले. त्यांची पाठ मात्र ताठच.

आणि या गलक्यात प्रियंका एकदम गप्प झाली. पंतप्रधान बोलतच होते. आता ते कॅमेऱ्याकडे नाही, मागे खांबाकडे हात करून बोलत होते.

"काय म्हणून राहिला? सांग नं," गीताबाई म्हणाल्या.

"काही नाही, मम्मी."

"प्रियंका."

"ते म्हणतात… बाहेरच्या देशांतून आलेले लोक आमच्या खांबांवर चढून राहिले. त्यांच्या कंपन्या त्यांना घरी न्यायला तयार आहेत, और वो जाना चाहें तो हम रोकेंगे नहीं. पण मी त्यांच्या आयांना हात जोडतो. तुमची मुलं अजून थोडे दिवस आमच्याकडे राहू द्या."

म्हाताऱ्यानं खरोखरच हात जोडले होते, आणि तो थांबला होता.

"राहू द्या म्हणते!" गीताबाईंचा आवाज फुटला. "मुलगा हाय का पातेलं? शेजारीण आली, मागितलं, अन् देल्लं?"

त्या चपला शोधून घरी गेल्या. एका पायात स्वतःची, दुसऱ्यात बेबीताईंची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा निरोप आला: अश्वजीत सुखरूप, ज्यांना परतायचं आहे त्यांच्यासाठी गुरुवारी विमान. गीताबाईंनी लगेच त्याची खोली झाडली. गादी उन्हात टाकली. मी गेले तेव्हा त्या गादीवर काठीनं असे फटके मारत होत्या, की गल्लीतली कुत्री लांब जाऊन उभी राहिली.

"कोणावर राग काढताय?"

"त्या म्हाताऱ्यावर. साधं मागावं नं. हात काहून जोडले?"

संध्याकाळी फोन वाजला. व्हिडिओ! प्रियंकानं तो भिंतीला टेकवून उभा केला. अश्वजीत काळवंडलेला, दाढी वाढलेली, मागे निळी ताडपत्री फडफडते आहे.

"मम्मी—"

"हात दाखव. दोन्ही. पालथे कर." त्यानं केले. "मागं वळ." तो वळला. प्रवेशाला सोडण्याआधी नटाला न्याहाळावं तसं त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि मगच रडल्या. थोडंसंच.

"गुरुवारी विमान हाय म्हणते."

"हो. तू म्हणशील तसं, मम्मी. तुला मी दिवाळीचा शब्द दिला होता."

"माझ्यावर ढकलू नको. जेवतो कुठी?"

"इथंच. या ताडपत्रीखाली. एक म्हातारी आहे, तिचं छप्पर उडालं. पण चूल पेटवते आणि आम्हा आठ जणांना वाढते. एक तर अशी तिखट मिरची घालते मम्मी, तुझी आठवण येते."

"तिच्याकडे लाइट आली?"

"तिचं हे घर सगळ्यात वर आहे, डोंगरावर. इथवर लाइन पोचायला अजून दोन-तीन हप्ते."

"अन् तू गुरुवारी निघाला तं?"

अश्वजीत ताडपत्रीकडे पाहत राहिला. "मग… कोणी दुसरं येईल. माणसं कमी आहेत. पाहू."

गीताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. उन्हातून आणलेली गादी कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"तिले दे."

"कोणाला?"

"त्या बाईले. फोन दे तिच्याजवळ."

चित्र हललं, आभाळ दिसलं, चूल दिसली, आणि मग डोक्याला फडकं बांधलेली एक काळीसावळी, सुरकुतलेली बाई. तिनं फोन इतका जवळ धरला की पडदाभर तिचे डोळेच. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकदम दोघीही बोलायला लागल्या, ती तिच्या भाषेत, या आपल्या; मधेच दोघी थांबल्या आणि हसल्या.

"मम्मी, तिला मराठी कुठं कळते!" मागून अश्वजीत म्हणाला. "तू मला सांग. गुरुवारचं काय?"

"तू चूप राय. दोन बायका बोलून राहिल्या," गीताबाई म्हणाल्या, आणि फोनजवळ सरकून, सावकाश, एकेक शब्द नीट लावून त्या बाईला सांगितलं, "बाई, हा सकाळी लवकर उठत नाही. तोंडावर पाणी मारजा."