आहेराच्या पाच साड्या

शेठनं साड्यांना हात लावला नाही. कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि त्याच्या टोकानं पिशवी माझ्या आईकडे ढकलली. दोन साड्या पिशवीतून गादीवर घसरल्या. त्याही गजानंच परत लोटल्या. दारात मरून पडलेलं काही लोटावं, तशा.

"तुमच्या घरात आठ दिवस राहिलेलं कापड," तो म्हणाला, "मी कोणाच्या अंगावर घालू?"

मी चार हातांवर उभी होते. त्याच दुकानात नोकरीला. समोर उभी होती ती माझी आई. आणि ती माझी आई आहे हे त्या दुकानात कोणालाच माहीत नव्हतं. कारण मीच सांगितलं नव्हतं.

दारव्ह्याच्या बाजारपेठेतलं मोठं कपड्याचं दुकान ते. बी.ए. झाले आणि साड्यांच्या काउंटरला लागले. गाव आठ-दहा किलोमीटर, रोज जीपनं जाणं-येणं. लागायच्या आधी कॉलेजातल्या मैत्रिणीनं सल्ला दिला होता, आडनाव विचारल्याशिवाय सांगू नको. शेठनं विचारलं नाही. माझे इस्त्रीचे कपडे पाहिले, माझी पुस्तकी भाषा ऐकली आणि मी कोण ते त्यानं आपल्याच मनानं ठरवून टाकलं. मी ते ठरवू दिलं.

वर्षभर तो मी भरलेलं पाणी प्यायला. देवाच्या फोटोला सकाळची उदबत्ती मी लावायचे. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक तो मुद्दाम माझ्याकडे पाठवायचा. म्हणायचा, या पोरीच्या हातची बोहणी चांगली होते. मला बरं वाटायचं. ते आठवलं की आता थुंकावंसं वाटतं. त्याच्यावर, आणि तेव्हाच्या माझ्यावर.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेठ गादीवर आडवा व्हायचा आणि बोलायचा. आमच्या लोकांबद्दल बोलायचा. सवलती, शिष्यवृत्त्या, निळे झेंडे. दुकानातल्या बाकीच्या दोघी हसायच्या. मी साड्यांच्या घड्या घालत राहायचे. कधीकधी मीही हसले आहे. हे सांगायला जीभ जड होते, पण हसले आहे.

मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा आहेराच्या साड्या माझ्याच हातून घ्यायच्या असं आईनं ठरवलं. लेक एवढ्या मोठ्या दुकानात कामाला आहे याचं तिला कौतुक होतं. मी तिला घरीच बजावलं, तिथं मला नावानं हाक मारू नको. काहून, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तिथले नियम आहेत. ती शाळेत गेलेली नाही, पण बुद्धू नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि कापूस वेचायला निघून गेली.

ती आली, गादीच्या कडेला बसली. म्हणाली, बाई, आहेराच्या पाच साड्या दाखवा. मी म्हटलं, या बाई, बसा. मी माझ्याच आईला अनोळखी बाई म्हणून साड्या विकल्या. तिनं रंग निवडले, मी बिल केलं. पदराच्या गाठीतून तिनं नोटा काढल्या आणि शेठनं त्या हसत घेतल्या.

लग्न विहारात लागलं. मुलाकडचे पाहुणे घाटंजीकडचे. लग्न लागल्यावर आईनं साड्या पुढे केल्या, तर बहिणीच्या सासूनं हात जोडले. आम्ही आहेर देत नाही आणि घेत नाही, म्हणाली, तुमची लेक आम्हाले दिली तेवढं पुरे. आईला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. साड्या तशाच बंद राहिल्या. वरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं.

बिलावर छापलेलं होतं, घडी न मोडता, बिलासह, दहा दिवसांत माल परत. आई आठव्या दिवशी आली. तिनं मला आदल्या दिवशी विचारलं होतं, तूच घेऊन जाते का साड्या? मी नको म्हटलं. माझं बिंग फुटेल म्हणून.

शेठ आधी हसला. कारण विचारलं. आईनं सरळ सांगितलं, "आमच्यात विहारात लग्न लागलं जी. पाहुण्यायनं आहेर नाही घेतला."

विहार हा शब्द ऐकला आणि त्याचं हसू गेलं. बिलाचा कागद त्याच्या बोटांत होता, तो त्यानं खाली टाकला. मग गज उचलला.

आणि ते वाक्य बोलून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. "पोरी, भरून दे हिची पिशवी."

मी पुढे झाले. खोटं कशाला सांगू? हात चालले माझे. एक साडी उचलून मी पिशवीत ठेवली.

आई हळूच म्हणाली, "राहू द्या बाई. मी भरतो."

मला बाई म्हणाली. गज अजून तिच्या छातीसमोर होता आणि ती माझी नोकरी वाचवत होती. माझं खोटं ती सांभाळत होती, अपमान गिळून. तिच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. त्या बोटांनी ती साड्या गोळा करत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. पाहिलं असतं तर कोणाला कळलं असतं म्हणून.

मी पिशवीवर हात ठेवला. मी म्हटलं, "आई, थांब."



"शेठ, ही माझी आई आहे. माल परत घ्या."

त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पाण्याच्या माठाकडे पाहिलं. मी ते पाहिलं. एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक, आणि त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय आलं, तर माठ.

"तू फसवलं मले," तो म्हणाला.

मी म्हटलं, तुम्ही विचारलंच नाही. आता विचारा.

त्यानं विचारलं नाही. नियम सांगायला लागला. माल फक्त बदलून मिळतो, पैसे मिळत नाहीत, वगैरे. मी कपाटाकडे गेले आणि एक मोरपंखी साडी काढली. चार दिवसांपूर्वी एका मोठ्या जमीनदाराची बायको ती परत करून गेली होती. लग्नात नेसून आणलेली. पदराला हळद, काखेत घामाचे डाग, खांद्यावर पिनांची भोकं. शेठनं तिच्यासाठी चहा मागवला होता, वहिनी वहिनी करत पैसे परत दिले होते. मग मला डाग काढायला लावले आणि नव्या प्लॅस्टिकमध्ये घालून ती साडी परत कपाटात ठेवली होती. नवी म्हणून.

मी ती गादीवर उलगडली. समोर दोन गिऱ्हाईक बाया बसल्या होत्या. एकीनं पदराचा डाग नखानं खरवडून पाहिला आणि हातातली साडी खाली ठेवली. दोघी उठल्या.

तेव्हा कुठे शेठला घाम फुटला. माझ्या आईला बोलताना त्याला लाज वाटली नव्हती. हळदीच्या डागाची वाटली. एवढीच त्याची लाज, एका पदराएवढी.

आवाज खाली आणून तो म्हणाला, आत ये, आत बोलू. मी म्हटलं, इथंच. मग म्हणाला, साड्या तिथं ठेव, पैसे तुझ्या फोनवर टाकतो. का, ते मला कळलं. आईच्या हाताला हात लागायला नको. फोन किती सोयीचा झाला आहे यांना. विटाळही आता ऑनलाइन पाळता येतो.

मी म्हटलं, "नगद घेतले, नगद द्या. आईच्या हातात. आणि साड्या तुमच्या हातानं उचलून मोजा."

तो बसून राहिला. आम्हीही उभ्या राहिलो. दुकानाच्या दारात बाजारातले लोक जमायला लागले होते. शेवटी त्यानं साड्या उचलल्या, एकेक करून, पाचही. मग गल्ला उघडला. आईनं हात पुढे केला. त्यानं नोटा वरून सोडायचा प्रयत्न केला, तर आईनं हात मागे घेतला. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच केलं. दुसऱ्यांदा त्यानं नीट दिल्या.

उद्यापासून येऊ नको, हे तो मला म्हणाला की नाही, आठवत नाही. मी तशीही जाणार नव्हते.

जीप भरायची वाट पाहत आम्ही आत बसलो. मला वाटत होतं आई माझ्या पाठीवर हात ठेवेल. मी तशी वाट पाहत होते, हे सांगायची लाज वाटते. जीप सुटल्यावर ती बोलली. "त्यानं मले आज एक डाव परकं केलं. तू सालभर करून राह्यली. त्याचं मले काही वाटलं नाही. तुयं वाटलं."

  गाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, पोलिसात जाऊ. ती म्हणाली, चाल. ठाण्यात दोन तास बसवून ठेवलं. तिथल्या एकानं समजावलं, पैसे मिळाले ना, मग आता कायले वाढवता? आई म्हणाली, पैशासाठी नाही आलो. शेवटी जबाब घ्यायला एक जमादार बसला. आईनं सगळं सांगितलं, गजासकट. मग मी सांगायला लागले. नोकरीला लागताना काय लपवलं, आईला काय बजावलं, शेठच्या बोलण्यावर कशी हसले, साडी पिशवीत कशी भरली. जमादारानं पेन थांबवलं. म्हणाला, हे लिहायची गरज नाही, तुमचीच केस कमजोर होईल. मी म्हटलं, लिहा. त्यानं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ती सांगते तसं लिहा.

पंधरा दिवसांनी गावातलाच एक पुढारी घरी आला. हातात शेठच्या दुकानाचं मोठं खोकं. आत पैठण्या आहेत, म्हणाला, भारीतल्या, आणि पोरीला परत कामावर घेतो म्हणून निरोप आहे, पगार वाढवून. तेवढी तक्रार मागे घ्या. आईनं खोकं उघडूही दिलं नाही. त्याला चहा दिला. तो प्यायला. मग तिनं खोकं त्याच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवलं आणि घरात आली. एवढ्यात आम्हाला विकत घेता येईल असं शेठला वाटलं. ज्या घरातलं बंद कापड त्याला चालत नव्हतं, त्याच घरात तो कापड पाठवत होता.

बाजारात मला आता कोणी कामाला ठेवत नाही. शेठ सगळ्यांना सांगतो, पोरगी भांडकुदळ आहे, दोन-चार महिन्यांत थंड होईल. मी आईबरोबर वेचणीला जाते. तारीख लागली की आम्ही दोघी मजुरी बुडवून जाणार आहोत. वकील म्हणतात, जबाबातला माझ्याबद्दलचा भाग समोरचा वकील उचलून धरेल, तेवढा सौम्य करू या. मी नाही म्हटलं. कोर्टात तो समोर बसलेला असेल, आई शेजारी असेल, आणि मी जे झालं ते तसंच सांगेन. त्यातला एक शब्द कमी करणार नाही. त्याचाही नाही, माझाही नाही.