वाट सांगणार नाही

गावाचं नाव सांगणार नाही. धाराशिव जिल्ह्यात, निम्न तेरणा धरणाच्या पाण्यालगत कुठंतरी, एवढ्यावर भागवा. तिथल्या पडक्या शिवमंदिरावर मागच्या हिवाळ्यात मी हौसेनं लेख लिहिला होता. कुठल्या फाट्यावर उतरायचं, कुठल्या बांधानं चालायचं, सगळं नकाशासकट. देवळाच्या उंबऱ्याशी जुन्या कानडी अक्षरांचा एक शिलालेख पडला होता. त्याचा ठसा घ्यायचा राहिला, म्हणून या रविवारी कागद आणि शाई घेऊन पुण्याहून पुन्हा गेलो.

गावात चिटपाखरू नव्हतं. येळवस होती (मार्गशीर्षातली अमावस्या, या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं). बांधाच्या दोन्ही अंगांना ज्वारी, मधूनच करडईचे काटे, पलीकडे धरणाचं निळं पाणी. चालताना जीव सुखावला होता. देऊळ दिसलं आणि डोकं फिरलं.

खांबांवर ऑइलपेंटनं नावं आणि बाण मारलेले बदाम. नंदीच्या पाठीवर बुटांचे ठसे. गाभाऱ्यात वेफर्सची पाकिटं. आणि शिलालेख जागेवर नव्हताच! जमिनीवर तो ओढत नेल्याची खूण होती, पुढं बैलगाडीच्या चाकोऱ्या. तोंडाला येतील त्या शिव्या देत मी चाकोऱ्यांमागं निघालो.

चाकोऱ्या एका कोपीपाशी (कडब्याचं खोपटं) थांबल्या. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे आजच्या पूजेचे पांडव. त्यांच्या मागं, अंगभर चुना फासलेला, माझा शिलालेख. 'माझा' म्हणतोय, तेही बघा.

"ही शिळा कुणी उचलली?" मी ओरडलोच.

कोपीसमोर जेवायला बसलेल्या पंगतीतून साठीचे एक शेतकरी उठले. कपाळाला विभूती, धोतर खोचलेलं. नाव महादप्पा.

"म्या आणली. आधी बूट काढा की. पांडव हायती म्होरं."

"शेकडो वर्षांची अक्षरं आहेत ती! त्यांना चुना काय फासता? अशी वस्तू हलवणं गुन्हा आहे, ठाऊक आहे का?"

"आन् त्येच्यावर चूल मांडून कोंबडं भाजणं?" त्यांचा आवाज माझ्याहून चढला. "तवा कुठं गेलता कायदा? दर ऐतवारी गाड्या भरून येत्यात. हाकललं तर म्हणत्यात, पुण्याच्या सरांनी वाट लिवून दिलीया. मंग म्या बैलं जुपली. पांडवांजवळ बसवलेल्या दगडाला आमच्याकडं कुणी पाय लावत न्हाय."

कोण सर, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी बूट काढले.

त्यांच्या बायकोनं मला पंगतीत बसवलंच. भज्जी (ओल्या शेंगांचे दाणे आणि भाज्या एकत्र शिजवून केलेली), बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), मडक्यातलं आंबील. येळवशीला शेतात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत, भांडायला आलेल्यालाही नाही. राग तसाच होता, फक्त तो कुणाचा यायला हवा ते आता कळलं होतं.

जेवणं झाल्यावर महादप्पांनी ओल्या फडक्यानं शिळा पुसली. वरचा चुना गेला, अक्षरांतला राहिला, आणि ओळी लख्ख उठून दिसल्या.

"घरात कानडी बोलतो आमी," ते म्हणाले, "पर हे लई जुनं. न्हाय लागत."

मी मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. पुजलेल्या शिळेला शाई लावायचंही मन होईना, अक्षरं कागदावर हातानंच उतरवून घेतली. महादप्पा शेजारी बसून एकेका अक्षराखाली बोट धरत होते.

निघताना म्हणाले, "फुडच्या येळवशीला या. वाट ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो. ते सर मीच, हे तोंडातून निघालं नाही.

पुण्यात आल्या आल्या जुना लेख काढून टाकला. उपयोग काय, तो केव्हाच शंभर फोनांवर पोचलाय. कालच एकाचा निरोप आला: सर, तो नकाशा परत पाठवा ना, रविवारी आमचा ग्रुप निघतोय. त्याला जे लिहिलं ते इथं छापता येणार नाही.

महादप्पांना मात्र मी अजून काहीच सांगितलेलं नाही.