गावाला घर, सुरतला रूम

लग्नानंतर दोन महिन्यांनी मी सुरतला निघाले, तेव्हा माहेरहून आलेला तांब्याचा हंडा गोणपाटात गुंडाळत होते. सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि फळीवर नेऊन ठेवला. "रूमवर काय करशी? घर ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. मागोमाग पितळी परातही फळीवर गेली. माझ्याबरोबर आल्या त्या स्टीलच्या ताटल्या, एक कुकर आणि बरणीभर ठेचा. शहाद्याकडची एसटी सुटली तशी मी रडायला लागले. नवऱ्याला वाटलं सासरची माया. मी रडत होते हंड्यासाठी. हसू नका, खरं तेच सांगते.

नंदुरबारला गाडीत बसलो आणि सुरतच्या उधन्याला उतरलो. न्यायला आलेल्या मित्रांनी सामान उचललं आणि म्हणाले, चला वहिनी, रूमवर. तेव्हापासून हा शब्द माझ्या जिभेवर जो बसला तो बसलाच. तुमच्यातल्या ज्या गावाला राहिल्या त्यांना हे नवल वाटेल, आणि ज्या माझ्यासारख्या इकडे आल्या त्यांना वेगळं सांगायला नको. खानदेशी माणूस सुरतेत जिथे राहतो ती रूम, मग ती एका खोलीची असो की तीन. रूम बघायची, रूम घ्यायची, रूम खाली करायची. पाळीवरून सुटलेला माणूस रूमवर जातो. पण दिवाळीला गिरण्या बंद झाल्या की तोच माणूस घरी जातो. आजारी पडला तर त्याला घरी धाडतात, पोरीचं लग्न घरून होतं. सुरतेतल्याच बमरोलीत आमच्या ओळखीच्या एकांनी संगमरवरी फरशीचं दुमजली बांधलं, वास्तुशांत केली, आणि जेवायला बोलावताना म्हणाले काय, तर रूमवर या.

माझी लेक इथेच जन्मली. शाळेच्या इंग्रजी पुस्तकात तिला घराचं चित्र होतं, त्यात चार रूम दाखवल्या होत्या. तिने मला विचारलं, रूम घराच्या आत असते तर आपलं घर कुठे आहे? मी म्हटलं, गावाला. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग आपली रूम घराबाहेर एवढी लांब कशी गेली?" ती स्वतः कधीच रूम म्हणाली नाही. मैत्रिणींना गुजरातीत सरळ सांगायची, मारा घरे आव.

पुढे आम्ही बमरोलीच्या मागच्या बाजूला एक छोटं रो हाऊस घेतलं. आमचे हे मिलच्या फोल्डिंग खात्यात कापडाच्या घड्या घालायचे, मी साड्यांना स्टोन लावायचं काम रूमवर आणून करायची, असं करत करत घेतलं. बघा, अजूनही रूमवरच आलं तोंडात. स्वतःच्या भिंती झाल्या, खिळा ठोकायला घरमालकाला विचारायचं राहिलं नाही, तरी शब्द काही बदलला नाही. दारात तुळससुद्धा लावली नाही, रूमला कशाला तुळस म्हणून. कारण मला ठाऊक होतं. सासूबाई गावच्या घरात एकट्या होत्या. दीर सुरतेजवळ हजिऱ्याला कामाला, आम्ही इकडे. त्या तिकडे दिवा लावत होत्या म्हणून ते घर होतं. इकडे घर म्हटलं असतं तर तिकडचं मोडलं, असं झालं असतं. तो शब्द त्यांच्याकडून हिसकावून घ्यायची माझी छाती नव्हती. पण त्यांनी आपण होऊन एकदा तरी आमच्या रूमला घर म्हणावं, असं मला फार वाटायचं.

त्या तसं कधी म्हणतील असं दिसत नव्हतं, आणि त्याला कारण आमची देवी, कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्यात कानबाई बसते. घराण्याचा जपून ठेवलेला नारळ, त्याला नथ, डोळे, पातळ, आणि चौरंगावर मान. कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्यांचा प्रसादाचा रोट करायचा. हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि वर्षाचा खंड पडू द्यायचा नाही. सुरतेत किती तरी खानदेशी घरांत कानबाई बसते, आमच्या गल्लीतही बसते. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, माय, आपली इकडे आणायची का? सासूबाई म्हणाल्या, "कानबाई काय पाव्हनी शे का, रूमवर उतराले?" विषय संपला. दर श्रावणात शेजारणींची गाणी ऐकत मी बॅग भरायची आणि गावाला जायची. शेजारणींचा हेवा वाटायचा. सासूबाईंचा रागही यायचा, लपवून काय करू.

गेल्या वर्षी गावाला रोट उरला. श्रावणात मिलमध्ये रजा मिळत नाही, पोरांच्या परीक्षा असतात, एकेक करून येणारे कमी झाले होते. आम्ही परतल्यावर सासूबाई आणि यांचे दोन म्हातारे चुलते तीन दिवस तोच रोट खात बसले.

यंदा उन्हाळ्यात त्या ओसरीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सुरतेत करून त्यांना आमच्याकडे आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत प्रवास नाही. श्रावण तोंडावर आला. कानबाई बसवणारी इथे, नारळ तिथे कुलपात. शेवटी ठरलं की जाऊबाईंनी आणि मी गावाला जायचं, जमेल तसं करायचं. सासूबाईंनी मान हलवली. कुळाची कानबाई त्यांच्या डोळ्यांआड बसणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला बघवत नव्हतं, पण इकडे आणायचं पुन्हा विचारायची हिंमत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्या खाटेवर बसून, माझ्याबरोबर द्यायचे गहू काढत होत्या. नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ सुपात टाकायची. थोरल्याचं नाव, धाकट्याचं, मग नातवांची, मग पांडेसऱ्याच्या पुतण्याची, कतारगामच्या पुतण्याची आणि त्यांच्या पोरांची. म्हाताऱ्या चुलत्यांची नावं राहिली होती, ते दोघेही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कतारगामला एकाच्या लेकाकडे आलेले. त्यांच्या मुठी टाकल्या आणि सासूबाईंचा हात सुपावरच थांबला. मग मला हाक मारली.

"ज्यासना नावना गहू काढात, त्या समदा आठेच शेतस," त्या म्हणाल्या. "तठे रोट कोन खाई?"

खरंच होतं, एकूण एक माणूस इथे सुरतेतच होता, तिकडे गावाला कोणी नव्हतं. त्यांनी धाकट्याला फोन लावायला सांगितला आणि त्याला हुकूम सोडला, की गावाला जा, कुलूप उघड, देवापुढे दिवा लाव, कानबाईला नमस्कार कर आणि नारळ घेऊन ये. पिशवीत नाही, मांडीवर.

दीर अख्खा प्रवास नारळ मांडीवर धरून आले. चौरंग कुठे मांडायचा ते सासूबाईंनी मलाच ठरवायला सांगितलं. मी पूर्वेची भिंत दाखवली, तर म्हणाल्या, तिथे पंख्याचा वारा लागून दिवा विझेल. म्हणजे शेवटी त्यांनीच ठरवलं. रविवारी माणसं मावेनात. चपला गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या. रोट, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं खरवडून संपलं आणि हजिऱ्याच्या पोरांना कमीच पडलं. लेकीने मैत्रिणींना गाण्यांना बोलावलं होतं. त्यांनी कानबाईपुढे गरबा धरला. सासूबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग टाळ्या धरल्या. सोमवारी तापीवर नारळाला न्हाऊ घालून परत आणलं. सासूबाई रिक्षात बसून होत्या. पाणी पाहून म्हणाल्या, आपल्या गावची तापी जास्त चांगली आहे. मी म्हटलं, हो.

दिवाळी झाली, पाय चालायला लागला, तसा त्यांनी गावाचा धोशा लावला. शेत आहे, मैत्रिणी आहेत, इथे दार लावून बसवत नाही म्हणाल्या. आम्ही अडवलं नाही. सामान बांधताना मी नारळ पुढे केला. तो त्यांनी परत देव्हाऱ्यात ठेवायला लावला, आणि वर्षभर कसा सांभाळायचा ते दोनदा बजावलं. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून तुळस आणली. घर म्हणजे काय, याचा मी आता फार विचार करत नाही. ज्यांच्या नावाची मूठ पडते ती माणसं जिथे जेवायला बसतात, ते घर, एवढं मला पुरतं.

दीर त्यांना सोडायला गेले होते. संध्याकाळी यांनी फोन लावून विचारलं, "माय, घरी पोचलीस का?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडे केरसुणीचा आवाज येत होता.

"हां, रूमनं कुलूप उघडं," सासूबाई म्हणाल्या. "तठे घर समदा जेवनात ना?"